लेकीच्या गावचं पाणी

मधुमतीच्या डोक्यातून तो पलंग काही केल्या जात नव्हता.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आश्लेषा नेहमीसारखी घरभर फिरत बोलत होती. तिनं नवे पडदे दाखवले, बाळासाठी रंगवलेली इवलीशी खोली दाखवली, आणि बोलता बोलता फोन क्षणभर झोपायच्या खोलीकडे वळला. तेवढ्यात मधुमतीला दिसलं. लेकीचा पलंग जमिनीपासून चांगला वर उचलला होता आणि त्याच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते.

"हे काय गं?"

"ते हानेकेनी आणले. बाळासाठी. सांगते नंतर," असं म्हणून आश्लेषानं फोन स्वयंपाकघराकडे फिरवला, आणि नंतर ते सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मधुमती भाजी चिरायला बसली की पलंग, कपड्यांना इस्त्री करू लागली की पलंग. आश्लेषाला आठवा संपत आला होता. म्हणजे ही पोरगी घरीच बाळंत होणार की काय? गावात हॉस्पिटल नाही. आहे ते समुद्रातल्या बांधाच्या पलीकडे, आणि फार वारा सुटला की त्या बांधावरचा रस्ता बंद करतात, हे आश्लेषानंच कधीतरी हसत सांगितलेलं.

"आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवायचे, तसंच काहीतरी असेल," श्रीनिवास पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"अहो, तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"मग विचार ना तिला. फोन काय शोभेला आहे?"

विचारायला काही हरकत नव्हती. पण त्या काळजीच्या पोटात आणखी एक काटा होता, आणि तो पलंगाचा नव्हता. ते ठोकळे हानेकेनी, आश्लेषाच्या सासूनं, आणले होते. मधुमतीच्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाची तयारी दुसरीच बाई करत होती.

काळजी करणं हा तसा मधुमतीचा पेशाच होता. लग्न होऊन ती कराडहून इंग्लंडात वॉटफर्डला आली, पदवी होती म्हणून इथल्या एका सेकंडरी शाळेच्या ऑफिसात लागली, आणि निवृत्त होईपर्यंत तिनं एकच काम केलं. सकाळी हजेरी झाली की न आलेल्या मुलांच्या घरी फोन करायचा. "गुड मॉर्निंग, तुमचा मुलगा आज शाळेत दिसत नाही." पलीकडच्या बाईचा श्वास क्षणभर अडकलेला तिला ऐकू यायचा. बहुतेक वेळा मूल तापानं घरीच असायचं. कधी मात्र ते सकाळी वेळेवर घराबाहेर पडलेलं असायचं, आणि मग त्या बाईआधी मधुमतीच घाबरायची. मूल सापडलं की परत फोन करून सांगा, असं ती बजावायची. लोक विसरायचे. ती विसरायची नाही. दुपारी स्वतःच पुन्हा फोन करायची. शाळेत तिला सगळे "मिसेस व्हेअर-इज-ही" म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं.

अशा बाईची एकुलती एक मुलगी परदेशी गेली, तीही काही ठरवून नाही. ब्रॅकनेलच्या कंपनीनं आश्लेषाला सहा महिन्यांसाठी हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या ऑफिसात पाठवलं. तिथं यूस्ट भेटला. मुलगा उंच, अबोल, भांडी न सांगता घासणारा. मधुमतीला त्याच्यात नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि ती शोधण्यात तिनं कसूर केली नव्हती. रॉटरडॅमलाच रजिस्टर लग्न झालं. मग यूस्ट म्हणाला, शहरात घरं परवडत नाहीत, माझ्या गावी जाऊ. गावाचं नाव क्लाइनवेर्फ. एका बेटावरचं, नकाशात बोटाखाली झाकलं जाणारं.

मधुमतीला वाटलं होतं, वॉटफर्डमध्ये वाढलेली मुलगी दोन महिन्यांत कंटाळून परत येईल. झालं उलटंच. पोरगी त्या गावाच्या प्रेमात पडली. वर्षभरात भाषा बोलायला लागली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात चक्क गावची गाइड झाली. शनिवारी सायकलवाले प्रवासी यायचे, त्यांना ती गाव फिरवून दाखवायची. पैसे नाहीत, हौस म्हणून. गावच्या वेबसाइटवर तिचा एक छोटा व्हिडिओ होता. लाल जॅकेट घालून ती चर्चसमोर उभी आहे, हात हलवत डच भाषेत काहीतरी सांगतेय आणि लोक हसताहेत. मधुमतीनं तो इतक्या वेळा पाहिला की कुठल्या शब्दानंतर लोक हसतात हे तिला पाठ झालं. आपली मुलगी विनोद करतेय आणि तो आपल्याला कळत नाही, ही गोष्ट तिला फार लागली.

सवतीचं आपण कौतुक करत नाही, पण तिच्या साडीचा काठ न् काठ लक्षात ठेवतो. मधुमतीला क्लाइनवेर्फ तसं तोंडपाठ होतं. गाव एका टेकाडावर आहे. ते टेकाड देवानं केलेलं नाही, माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेलं आहे; पाणी चढलं की माणसं आणि गुरं तिथं चढायची. टेकाडाच्या माथ्यावर चर्च, चर्चभोवती झाडांचं कडं, आणि त्याभोवती गोल बसलेली घरं, सगळ्यांची तोंडं चर्चकडे. चर्च आतून पांढरंधोप. पूर्वी मूर्ती होत्या; धर्म बदलला तेव्हा त्या फोडल्या, पण एका कोनाड्यात कुठल्याशा संताची नुसती दगडी पावलं अजून आहेत. गंमत म्हणजे चर्च देवाचं आणि त्याचा मनोरा नगरपालिकेचा, म्हणून घड्याळ बंद पडलं की पाद्रीबुवांकडे नाही, कौन्सिलला तक्रार करायची. पवनचक्की आहे, पण वरचं टोपरं एका वादळात गेलं ते गेलंच. आता तिच्यात कोणी कुंभारकाम करतं. गावाच्या वेशीवर बांधाला मुद्दाम ठेवलेली खिंड आहे, रस्ता जायला. शेजारी विटांची एक खोली, कुलूपबंद. तिच्यात जाड फळ्या रचलेल्या. पाणी येणार असं कळलं की त्या फळ्या खिंडीत बसवून वाट बंद करायची. कुठली फळी कुठल्या घरानं उचलायची हे ठरलेलं. आता यूस्टच्या घराच्या फळीला आश्लेषानंही हात लावायचा असतो. दर हेमंतात त्याची रंगीत तालीम होते.

"आई, मी फळी उचलली! इट्स सो हेवी!" तिनं फोटो पाठवला होता.

याच मुलीला मधुमतीनं लहानपणी कराडला नेलं होतं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती जागा दाखवली. मनोरे दाखवले. नकट्या रावळ्याच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना तिचा हात धरून सांगितलं, बघ, केवढी जुनी. पोरगी म्हणाली होती, "आई, इट स्मेल्स. कॅन वी गो?" बस्स, तेवढंच. पुन्हा कधी तिनं कराडचं नाव काढलं नाही. आणि आता परक्या गावातल्या फळीचं ओझं तिला मिरवावंसं वाटत होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तिच्या मैत्रिणीनं, नीनानं, नेमकं तिथंच बोट ठेवलं. "काय मधु, लेक गाइड झाली म्हणे? इथं असताना कॅसियोबरी पार्कला तरी जायची का गं स्वतःहून?"

"जायची तर," मधुमती म्हणाली, "आइस्क्रीमला." सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी आल्यावर तिनं वाणातला डबा कपाटात असा आपटला की झाकण निघालं.

गावापेक्षाही तिला सलायची ती हानेके, तिची विहीण. यूस्टची आई. वय सत्तरीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण वाऱ्याच्या तोंडावर सायकल अशी मारते की मागून बघणाऱ्याला पोरगी वाटावी. चर्चच्या मनोऱ्याची किल्ली तिच्याकडे, फळ्यांच्या खोलीची किल्ली तिच्याकडे. आश्लेषाला गावाचा इतिहास शिकवला तो तिनंच, स्वयंपाकघराच्या टेबलावर बटाटे सोलता सोलता. दोघी तीन घरांच्या अंतरावर राहत. "हानेके म्हणते" या दोन शब्दांशिवाय आश्लेषाचं वाक्य पुरं होत नसे. हानेके म्हणते, पाऊस वाईट नसतो, कपडे वाईट असतात. हानेके म्हणते, सातव्या महिन्यातही सायकल चालते.

"हानेके म्हणते म्हणून उद्या विहिरीत उडी मारशील," मधुमती एकदा म्हणाली.

"आई, इथे विहीर नाही आहे. पंप आहे," आश्लेषानं शांतपणे सांगितलं.

पंप होता, आणि त्या पंपाशीच सगळं बिनसलं होतं. पण ते बिनसलंय हे मधुमतीला मात्र ठाऊक नव्हतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मधुमती आणि श्रीनिवास गाडी घेऊन हार्विच बंदरातून बोटीनं तिकडे गेले होते. आठवडाभर. राहिले मात्र जवळच्या शहरातल्या हॉटेलात, कारण मधुमतीचं एक व्रत होतं. तिच्या आईनं ते पाळलेलं, आजीनं पाळलेलं: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मधुमतीचा अशा गोष्टींवर विश्वास होता का? नव्हता. चतुर्थीला ती अंडं खायची. पण विश्वास नसणं वेगळं आणि मोडून पाहणं वेगळं. आपण मोडावं आणि पोरीला काही व्हावं, मग आयुष्यभर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? बरं, हे लेकीला सांगायचीही सोय नाही. "तुला मूल झालं की जेवेन" म्हणणं म्हणजे मूल कधी होणार असं विचारणंच. आजकालच्या मुलींना ते चालत नाही. म्हणून तिनं काही सांगितलं नाही. डब्यात दशम्या आणि लसणीची चटणी नेली होती. गावाबाहेर गाडी थांबवून दोघं ते खायचे आणि मग आत जाऊन सांगायचे, "आम्ही जेवूनच निघालो."

पहिल्या दिवशी हानेकेनं पाच जणांचं टेबल मांडलं होतं. मोठं पातेलं, त्यात उकडलेल्या बटाट्यांत पालेभाजी घोटलेली. मुद्दाम मांस घातलं नव्हतं. "तुम्ही खाणार?" तिनं इंग्रजीत विचारलं. मधुमती म्हणाली, "नको, थँक यू, पोट भरलंय." हानेकेनं मान हलवली आणि दोन ताटल्या उचलून कपाटात ठेवून दिल्या.

मधुमती चकित झाली. थोडं घ्या म्हणाली नाही, घासभर तरी चाखा म्हणाली नाही. आग्रह म्हणून काही चीज असते की नाही? संध्याकाळी कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकी एक, आणि टप् करून झाकण लागलं. हॉटेलात परतल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या मुलीला ही बाई मोजून खायला घालत असणार."

"तू तरी कुठं खाल्लंस?" श्रीनिवास म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आश्लेषानं आईबाबांना गाव दाखवलं. मागून गावातली दहापंधरा माणसंही चालत होती, म्हातारीकोतारी, स्वच्छ कपडे घातलेली. मधुमतीला वाटलं, यांना दुसरा उद्योग नसेल. शेवटी सगळे चर्चसमोरच्या पंपापाशी थांबले. दगडी खांब, सिंहाचं तोंड, लोखंडी दांडा. आश्लेषा काही सांगू लागली, पण मधुमतीचं लक्ष लेकीच्या वाळलेल्या ओठांकडे होतं. ही पाणी कमी पिते, हे तिच्या मनात चाललं होतं. हानेकेनं दांडा हलवला, पत्र्याचा एक जुना पेला भरला आणि दोन्ही हातांनी मधुमतीपुढं धरला. सगळे गप्प झाले.

श्रीनिवासांचा हात पुढं झाला होता. मधुमतीनं त्यांना कोपरानं ढोसलं, पेल्यावर आपला पंजा पालथा ठेवला, हसली, नमस्कार केला आणि म्हणाली, "नो, नो, थँक यू सो मच. आफ्टर. समटाइम."

हानेके क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, पेला झटकला आणि म्हणाली, "गुड." माणसं आपापल्या घरी गेली. आपण किती नीट निभावून नेलं, असं मधुमतीला वाटलं.

पलंग दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, तिनं शेवटी फोन लावला. आश्लेषा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"आई, ते बेडचं? ते नर्ससाठी आहे. इथे बाळ झालं की आठवडाभर घरी नर्स येते. तिची पाठ वाकून दुखू नये म्हणून बेड हाय करतात. रूल आहे. हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी झाली तरी बेड हाय करायचाच."

"म्हणजे घरी नाही ना होणार?"

"अजून डिसाइड नाही केलंय. मिडवाइफ बघेल ना."

"आणि त्या वेळी तुझ्याजवळ कोण?"

"यूस्ट. आणि हानेके असेलच ना."

असेलच ना. मधुमतीच्या काळजात तो 'च' रुतला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं पाचव्या महिन्यातच बोलून दाखवलं होतं. वरची खोली रिकामी आहे, वॉटफर्डचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, डिंक आणून ठेवलाय. आश्लेषा म्हणाली होती, माझी मिडवाइफ इथे आहे, इन्शुरन्स इथे आहे, यूस्ट इथे आहे. मग आता ती आपल्याला तिकडे बोलावेल, म्हणून मधुमती वाट बघत होती. बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. बोलावणं काही आलं नाही.

"हो, त्या असणारच," ती म्हणाली. "सगळीकडं त्याच तर असतात. मनोऱ्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे, फळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. आता माझ्या लेकीच्या पलंगाखालीही त्याच."

आश्लेषा आधी हसली. मग आईचा चेहरा पाहून थांबली. "आई, आर यू जेलस?"

"मी? मी कशाला जळू? तुझं गाव, तुझी सासू. मी कोण? मला काय कुणी बोलावलंय?"

"वेट. तुला यायचं होतं?"

"हे विचारायचं असतं का, आशू?"

"हो! विचारायचं असतं! तू म्हणालीस, इकडे ये. मी म्हणाले, नाही जमत. मग तू म्हणालीस, 'बरं बाई, तुमचं तुम्ही बघा.' मला वाटलं, तुला नाही यायचं. तू इकडे आलीस तरी हॉटेलमध्ये राहतेस. पाणीपण स्वतःच्या बॉटलचं पितेस. यूस्टला वाटतं आमचं घर तुला डर्टी वाटतं."

"काहीतरीच काय! घर आरशासारखं ठेवतेस तू."

"मग? आणि हानेकेचं पाणी? ते का नाही घेतलंस?"

"कुठलं पाणी?"

"पंपाचं!" आश्लेषाचा आवाज चढला, आणि मग तिनं ते सांगितलं, गाइडच्या आवाजात नव्हे, अडखळत. त्या बेटाला चारही बाजूंनी खारं पाणी. एकदा बांध फुटला आणि सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या. फक्त टेकाडाच्या पोटातली, या पंपाखालची एक गोड राहिली. आजूबाजूची गावं बादल्या घेऊन दारात आली. तेव्हा गावानं ठरवलं, कुणाला परत पाठवायचं नाही. पण जो हे पाणी पिईल, त्यानं बांध फुटला तर मातीला हात लावायला यायचं. तेव्हापासून गावात कुणी नवं आलं, सून, जावई, त्यांचे आईबाप, की गावच्या जुन्या घरातली बाई त्यांना पहिला पेला देते. ती माणसं उगाच मागून चालत नव्हती. साक्षीला आली होती.

"तू हात ठेवलास पेल्यावर," आश्लेषा म्हणाली. "तिथे ते कुणीच करत नाही, आई. म्हणजे तू सांगितलंस, मी तुमची नाही."

"अगं, पण मी... मग त्या पुन्हा का नाही म्हणाल्या? एकदा आणखी म्हणाल्या असत्या, तर..."

"इथे दोनदा नाही विचारत. नाही म्हटलं की नाही. पुन्हा विचारणं रूड असतं."

"आपल्यात पुन्हा न विचारणं रूड असतं गं."

मग तिनं लेकीला ते सांगितलं, आजीपासून चालत आलेलं, मूल होईपर्यंत न जेवण्याचं. "यू डिडन्ट टेल मी. म्हणजे तू माझ्यासाठी उपाशी राहिलीस?"

"उपाशी कुठली, गाडीत दशम्या खाल्ल्या."

आश्लेषा हसली, आणि हसता हसता तिनं बाहीनं डोळे टिपले. "मला तू हवी होतीस इकडे. पण पंपापाशी तू नाही म्हणालीस. मग मी दोनदा कशी विचारणार?"

झाली, ही पोरगी पुरती त्यांचीच झाली, असं मधुमतीच्या मनात आलं, आणि तेव्हाही तिला मत्सरच वाटला.

"आमच्याकडे रूम नाही आहे," आश्लेषा नाक पुसत म्हणाली. "बाळाच्या खोलीत बेड मावत नाही. हानेकेची वरची रूम आहे. मी तिला विचारू?"

"नको. तू मधे पडू नकोस. पाय वर घे आणि पाणी पी."

फोन ठेवल्यावर तिनं श्रीनिवासांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मला खरंच तहान लागली होती त्या दिवशी."

"अहो!"

"बरं, राहिलं. मग आता?"

आता काय, हेच तिला कळत नव्हतं. लेकीजवळ असायचं तर हानेकेच्या घरात राहायचं. राहायचं म्हणजे जेवायचं, पाणी प्यायचं, आणि तेही बाळ यायच्या आधी. इतकी वर्षं जे मोडलं नाही ते नेमकं आता, पोरगी अशी अवघडलेली असताना मोडायचं? वाईटसाईट विचार तिच्या मनात रांग लावून उभे राहिले, शाळेतल्या त्या सकाळींसारखे. आणि न मोडावं तर पुन्हा हॉटेल, पुन्हा गाडीतला डबा, आणि कळा सुरू होतील तेव्हा मधे तो वाऱ्याचा रस्ता. त्या वेळी लेकीचा हात धरलेला असेल दुसऱ्याच बाईनं.

"हे असलं का करायचे गं मुळात?" श्रीनिवासांनी विचारलं.

"लेकीच्या घराला आपला भार होऊ नये म्हणून."

"मग झाला की. दोन वर्षं ती पोर विचार करतेय आपलं काय चुकलं म्हणून. हे आपल्या चार चपात्यांपेक्षा जड झालं तिला."

मधुमतीनं उठून ओटा पुसला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. हानेकेबद्दलची जळजळ गेली नव्हती. ती बाई आजही तीन घरं सोडून राहत होती आणि मधुमती समुद्रापलीकडे. पण तिला एक कळत होतं. लेकीनं विचारलं असतं तर हानेके हो म्हणाली असती, आणि मधुमती त्या घरात लेकीची पाहुणी म्हणून गेली असती, वरच्या खोलीत अंग चोरून बसली असती. तसं जायचं नव्हतं. ज्या बाईनं दोन्ही हातांनी पेला धरला होता, तिलाच विचारायला हवं होतं. मुलीच्या आईनं मुलाच्या आईला. आपल्याकडे हे शोभत नाही. नीनाला कळलं तर वर्षभर पुरेल.

"विहीणबाईंना फोन करते," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

"मला यायचंय, तुमच्याकडे राहायचंय आणि तुमच्याकडेच जेवायचंय, असं सांगेन. सरळ. त्यांना तसंच लागतं म्हणे."

"आत्ता? तिकडे जेवणाची वेळ असेल."

"सहाला जेवतात ती माणसं. आत्तापर्यंत भांडीसुद्धा वाळली असतील."

श्रीनिवासांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मधुमतीनं चष्मा लावला आणि फोनमध्ये हानेकेचा नंबर शोधू लागली. लग्नाच्या वेळी आश्लेषानंच तो फोनमध्ये भरून दिला होता, आणि तिनं आजवर एकदाही लावला नव्हता.